कात्रजला जाताय? थोडंच बघा, निवांत बघा

पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जायचं, आणि एका दिवसात सगळं बघून संपवायचं, असा बेत बऱ्याच घरांत ठरतो. … माझं मत वेगळं आहे. थोडेच प्राणी बघा, पण निवांत बघा. … वाघ, बिबट्या यांची हिंडण्याफिरण्याची वेळ सकाळ-संध्याकाळची. भर दुपारी ते सावलीत पडून राहतात. उशिरा पोहोचलं, तर झोपलेला वाघच दिसणार. म्हणून दार उघडताच आत जा. … बुधवार मात्र टाळा. त्या दिवशी सुट्टी असते.

कुणी म्हणेल, तिकीट काढलंय, मुलं लांबून आलीत, मग सगळं नको का दाखवायला? … प्रश्न रास्त आहे. पण आवार शंभर एकरांहून मोठं आहे. उन्हात तंगडतोड झाली, की मुलांचं लक्ष प्राण्यांवरून उडतं. … त्यापेक्षा तिथल्याच सर्पोद्यानात नागासमोर थांबा. त्याची दुभंगलेली जीभ सारखी आत-बाहेर होते. जिभेनं तो वास टिपतोय, हे मुलांना तिथेच सांगा. … पुन्हा सांगते, थोडंच बघा, निवांत बघा. … एखादा प्राणी दिसलाच नाही, तर हाका मारू नका, काच वाजवू नका. जुन्या गजांच्या पिंजऱ्यात त्याला लपायला जागाच नसे. आता मोकळ्या आवारात झाडी असते, आडोसा असतो. प्राण्याला दडून बसता येतं, हीच चांगल्या प्राणिसंग्रहालयाची खूण. … पाच-दहा मिनिटं गप्प उभे राहा. बहुतेकदा झाडीत काहीतरी हलतंच.