पेशीचा वाडा

जुन्या काळचा एखादा नांदता वाडा डोळ्यांसमोर आणावा. दाराशी देवडी, आत दप्तरखाना, स्वयंपाकघर आणि आपापल्या कामात गढलेली माणसे. आपल्या शरीरातील पेशी म्हणजे असाच एक वाडा होय. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या कापात पाहिल्या, त्या मात्र रिकाम्या खोल्या. त्यांतील वस्ती केव्हाच उठून गेली होती.

केंद्रक हा दप्तरखाना. वंशपरंपरेची आज्ञापत्रे तेथे जपलेली असतात. त्यांच्या नकला बाहेर येतात आणि रायबोसोम नावाचे कारागीर त्यांबरहुकूम प्रथिने घडवितात. तंतुकणिका या चुली. अन्नातील शक्ती त्या मोकळी करतात. लयकारिका केरकचऱ्याचा निकाल लावतात. सर्वांभोवतीचे पातळ पटल ही देवडी; कोणास आत घ्यावे, कोणास अडवावे, हे तेथे ठरते.

या देवडीचे मोल पटकीच्या रोगात कळते. पटकीचे विष आतड्याच्या पेशींतील क्षारांचे दरवाजे सताड उघडे ठेवते. क्षारांमागोमाग पाणी वाहून जाते आणि काही तासांतच रोगी मरणाच्या दारी पोहोचतो. परंतु एक दिंडी शाबूत असते. साखर व मीठ जोडीने आले, की ती उघडते आणि त्यांच्या पाठोपाठ पाणीही आत येते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांमध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी पाजून कितीतरी प्राण वाचविले.

एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वैद्य येईपर्यंत ही दिंडी उघडणे घरच्या माणसांच्याच हाती असते.