उन्हाची साठवण : घरगुती स्वतंत्र सौर वीजसंच



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर विजेचे खांबही. कित्येक वाड्यांमध्ये त्यानंतर काही आठवडे दिवा लागला नाही. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांची मूळ घरे त्या पट्ट्यात आहेत, त्यांना त्या पावसाळ्यात एका प्रश्नाने घेरले : गावी राहणाऱ्या आईवडिलांच्या घराला विजेचे दुसरे साधन कोणते करावे?

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. दापोली तालुक्यातील वाडी, कौलारू घर, मागे फणस, पुढे सारवलेले अंगण. घरात सत्तरी ओलांडलेली दोन माणसे. आजोबांना इन्सुलिन लागते आणि राखीव कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. म्हणजे फ्रीज फार काळ बंद राहून चालत नाही. मुलगा इंदुरात नोकरीला. त्याने फोनवरून चौकशी केली, पैसे पाठवले, दोन दिवसांत माणसे येऊन एक किलोवॉटची पॅनेल, दोन बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर बसवून गेली. दिवाळीत सगळे जमले तेव्हा कौतुकाने छायाचित्रे काढली गेली. दुसऱ्या श्रावणात, रात्री दोनच्या सुमारास, इन्व्हर्टर किंचाळू लागला आणि काही वेळाने गप्प झाला. बाहेरची वीज तर चार दिवसांपूर्वीच गेलेली होती. राखीव कुप्या टाकून द्याव्या लागल्या.

दोष यंत्राचा नव्हता. हिशेब कोणी केला नव्हता आणि राखण कोणाकडे सोपवलेली नव्हती.

हिशेब शाळकरी आहे. वॅटला तासांनी गुणायचे. ९ वॅटचे चार दिवे पाच तास : १८० वॉट-तास. जुन्या पद्धतीचे ७५ वॅटचे दोन पंखे दहा तास : १,५००. फ्रीज दिवसाला सुमारे १,०००, दूरदर्शन संच १८०, भ्रमणध्वनी वगैरे १००. येथवरची बेरीज बहुतेक जण करतात. राहून जातो तो खुद्द इन्व्हर्टर. काहीही जोडलेले नसताना तो २५ वॅट खात असेल, तर दिवसाकाठी ६०० वॉट-तास त्याचेच झाले, म्हणजे चारही दिव्यांच्या तिप्पट! एकूण साडेतीन युनिटांच्या पुढे आकडा जातो. पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले की तोच आकडा २.७ युनिटांच्या आसपास येतो. पॅनेल वाढवण्याआधी पंखे बदलणे स्वस्त पडते, ही गोष्ट विक्रेत्याने आपणहून सांगावी अशी अपेक्षा धरू नये.

बॅटरीत वीज घालताना आणि काढताना काही वाया जाते, म्हणून २.७ युनिटे वापरायला हवीत तर पॅनेलांकडून साडेतीन तरी यावीत. एक किलोवॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिटे देते. पॅनेलवर छापलेला आकडा २५ अंश तापमानाचा असतो. मे महिन्यात काचेखालचा सिलिकॉन ६० अंशांच्या वर तापतो आणि दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के शक्ती घटते. तरीही उन्हाळा निभतो. खरी परीक्षा आषाढ-श्रावणात. झाकोळलेल्या दिवशी तेच पॅनेल एक-दीड युनिटावर येते. नेमकी त्याच दिवसांत बाहेरची वीजही जाते. म्हणून कोकणातील घराचे माप मे महिन्यावरून घेऊ नये, जुलैवरून घ्यावे. वरच्या घराला दोन किलोवॉट लागली असती आणि तरीही सलग पाचव्या अंधाऱ्या दिवशी दूरदर्शन बंद ठेवावाच लागला असता. सरकारी वीज तोडून टाकण्याचीही आवश्यकता नाही. ती असेल तेव्हा तिने बॅटऱ्या भरून घ्याव्यात.

येथे शहरातील श्रोत्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छपरांवर जे संच बसत आहेत, ते वीजजाळ्याला जोडलेले आहेत. वाहिनीची वीज गेली की असा साधा संच भर दुपारी, लख्ख उन्हातही बंद पडतो. तो तसा बंद पडावा अशीच त्याची रचना असते. नाहीतर तार दुरुस्त करणाऱ्या वायरमनला घराघरातून उलट येणाऱ्या विजेचा झटका बसेल. बिल कमी करण्यासाठी तो उत्तम. अंधारात दिवा लागावा ही अपेक्षा असेल, तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर हवाच.

आता बॅटरी. या संचातील सर्वांत महाग आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू हीच. मराठी माध्यमात शिकलेल्यांना तिची ओळख जुनी आहे : शिशाच्या पट्ट्या, विरल गंधकाम्ल, विशिष्ट गुरुत्व. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत कागदावर ३.६ युनिटे मावतात. परंतु शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक रिकामी करत गेले की तिचे आयुष्य झपाट्याने आटते. म्हणजे हाती १.८ युनिटे. ढगाळ दिवसांनंतरची रात्र त्या घरात दोन बॅटऱ्यांवर निघणे शक्यच नव्हते. चार हव्या होत्या.

दुसरा घाव पाण्याचा. भारित होताना बॅटरीतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात आणि पातळी उतरते. सहा महिन्यांनी आजोबांना ती उतरलेली दिसली. त्यांनी विहिरीचे गाळलेले, उकळून गार केलेले पाणी घातले. पिण्याला ते चांगलेच होते. बॅटरीला नव्हे, कारण उकळल्याने क्षार जात नाहीत. तेथे ऊर्ध्वपातित पाणीच लागते, दुकानात ‘डिस्टिल्ड वॉटर’ म्हणून मिळते ते. आम्ल मात्र कधीही वाढवू नये. उडून जाते ते पाणी, आम्ल आतच राहते. पाणी शक्यतो बॅटरी पूर्ण भरल्यावर घालावे, कारण भरताना पातळी चढते आणि आधीच काठोकाठ भरलेले आम्ल बाहेर सांडते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच आधी घालावे, उरलेले नंतर. हे काम करताना चष्मा आणि रबरी हातमोजे असावेत.

हायड्रोमीटर नावाची काचेची नळी फारशी महाग नसते. पूर्ण भारित बॅटरीत ती १.२४ च्या आसपास दाखवते. नेमका आकडा कारखान्याच्या पत्रकावर असतो. सहांपैकी एकाच कप्प्याचे विशिष्ट गुरुत्व इतरांहून सातत्याने खाली राहू लागले, की आजार सुरू झाला असे समजावे. हे आजीला सहज जमले. नंतरच्या काळात ती वही तिच्याकडेच आली : तारीख, आभाळ कसे होते, सकाळचे व्होल्ट, महिन्यातून एकदा सहा गुणिले चार कप्प्यांचे आकडे. वाणसामानाच्या हिशेबाशेजारीच ते लिहिलेले असत.

बॅटऱ्या कोंदट खोलीत नकोत, आणि देवघराच्या शेजारी तर मुळीच नकोत. हायड्रोजनला उदबत्तीची ठिणगी पुरते.

पॅनेलांविषयी थोडक्यात. त्यांचे तोंड दक्षिणेला, कल साधारण त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढा : दापोलीस १८ अंशांच्या आसपास, इंदूर-बडोद्यास २२, ग्वाल्हेरीस २६. त्यांतील घट एकसर जोडलेले असतात, त्यामुळे फणसाच्या एका फांदीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी नुकसान त्या कोपऱ्यापुरते राहत नाही. बसवताना फांदी लहान होती. दोन वर्षांत ती छपरावर आली. कौलांवर सांगाडा ठोकण्यापेक्षा अंगणात काँक्रीटच्या पायात घट्ट बसवणे वादळी किनाऱ्यावर बरे, आणि खाऱ्या हवेसाठी जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड व गंज न धरणारे बोल्ट. धुणे सकाळी, मऊ फडक्याने. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाण्याची बादली ओतू नये.

धोक्याची एक जागा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे खटका उघडताना उडालेली ठिणगी विझायला त्याची मदत होते. पॅनेल व बॅटरीचा दिष्ट प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगीची कमान पेटलेलीच राहू शकते. म्हणून तेथे दिष्ट प्रवाहासाठीच बनवलेले खटके व फ्यूज हवेत. घरातला जुना एमसीबी तेथे लावून पैसे वाचवणारा कारागीर दारातूनच परत पाठवावा. चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्यांत पाण्याची कटकट नाही आणि साठ्यापैकी ८० टक्के वा अधिक वापरता येतो. हाती पैसा असेल आणि मुले दूर असतील, तर आज त्याच घ्याव्यात हे बरे. लडाखसारख्या ठिकाणी मात्र त्या शून्य अंशाखाली भारित करता येत नाहीत, हे तिकडे नोकरीला असलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

राखण कोणी करायची, या प्रश्नाला देशात चांगली उत्तरे मिळालेली आहेत. राजस्थानात तिलोनिया येथे १९७२ साली सुरू झालेल्या बेअरफूट कॉलेजने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना सौर संच जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शिक्षण दिले. बंगळुरूच्या सेल्को या कंपनीचे संस्थापक हरीश हांडे यांना २०११ सालचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो गरिबांच्या हाती सौर तंत्रज्ञान पोहोचवण्याच्या कामाबद्दल. विक्रीनंतरची गावपातळीवरील सेवा हा त्या कामाचा कणा होता.

दापोलीच्या घरात पुढे चार बॅटऱ्या आल्या, फांदी छाटली गेली, पॅनेल दुप्पट झाले आणि वाडीतल्याच आयटीआय झालेल्या एका मुलाला वर्षाचे पैसे ठरवून दिले गेले. मिक्सर, इस्त्री आणि विहिरीचा पंप सकाळी अकरा ते दोनमध्येच चालतात. वरची टाकी त्या वेळी भरून घेतली की रात्री बॅटरीला पाण्याची चिंता उरत नाही. जुन्या दोन बॅटऱ्या भंगारवाला दारात मागायला आला होता. उघड्यावर शिसे वितळवणाऱ्यांच्या भट्टीत त्या गेल्या असत्या, आणि ते विष सर्वांत आधी लहान मुलांच्या अंगात भिनते. २०२२ च्या नियमांनुसार विकलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आजीने त्या दुकानदारालाच परत दिल्या, पावती घेतली, आणि ती वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवली.