पाय काढायचा का?

मंडळी, माझा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर निम्मं व्याख्यान तुमचं लक्ष माझ्या चालीकडेच राहायचं.

आपल्याकडच्या एका विमानतळावर मला हुकूम झाला, 'पाय काढा.' म्हणणाऱ्याचं काय जातं! खटका दाबायचा, सॉकेट ओढायचं, मोजे सांभाळायचे. मग बुटासकट पाय ट्रेमध्ये, लोकांच्या लॅपटॉपच्या मागोमाग एक्स-रेच्या पट्ट्यावर. आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीत. तेवढ्यात उरलेला पाय सुजतो आणि परत सॉकेटमध्ये जाता जात नाही. मागे रांग खोळंबलेली असते, ती निराळीच.

नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१मध्ये याच त्रासाबद्दल थेट पंतप्रधानांना उद्देशून व्हिडिओ केला. विमानतळांची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ज्येष्ठ नागरिकांना तसं कार्ड द्यावं, अशी चंद्रन यांची मागणी होती. मला कार्डाचा फारसा भरवसा वाटत नाही. कार्ड बघणाऱ्याची मर्जी शेवटी उरतेच. बदलायला हवी ती तपासायची पद्धत.

इथे अमेरिकेत ती बरीच बदललेली दिसते. पाय सहसा काढावा लागत नाही. मी आपल्याच हातांनी पाय चाचपते, मग तळहातांवरून कापडाची पट्टी फिरवतात आणि स्फोटकांचा अंश आहे का ते यंत्र सांगतं. (त्या दिवशी हाताला क्रीम लावू नका. ग्लिसरीनने यंत्र उगाच बोंबलू शकतं.) कपडे सारावे लागणार असतील तर आडोशाची खोली मागता येते, सोबत आपलं माणूसही नेता येतं. टीएसए केअर्स या विमानतळ तपासणीच्या मदतवाहिनीला ७२ तास आधी फोन केला तर मदतीला माणूसही मिळू शकतो.

पण ही सगळी सोय आधी सांगणाऱ्यासाठी. आणि आपल्याला भेटायला येणाऱ्या आईवडिलांचं सगळं 'कशाला त्रास' इथे अडतं. पेसमेकर असेल तर धातुशोधक चौकटीत पाऊल टाकण्याआधीच सांगायला हवं, वाजल्यावर नव्हे. बदललेल्या गुडघ्याचंही तेच. बॉडी स्कॅनर मिळत असेल तर तोच मागावा. तो शरीराच्या आतलं बघत नाही, त्यामुळे आतल्या धातूवरून वाजत नाही. फक्त त्यात हात वर धरून काही सेकंद उभं राहावं लागतं.

आणि इथेच आपण मुलं गडबड करतो. अधिकारी विचारतो आईला, उत्तर देतो आपण: 'येस, येस, शी कॅन.' वर आईकडे वळून, 'राहशील ना गं जरा उभी?' ती बिचारी म्हणते, 'राहीन की.' तिचा खांदा महिनाभर आखडलाय, हे तिने तुम्हाला फोनवर सांगितलेलंच नसतं. तेव्हा प्रश्न मराठीत तिच्यापर्यंत पोचवा आणि ती म्हणेल तेच इंग्रजीत सांगा. हात वर जात नसेल तर तेही. उभं राहता येत नसेल तर व्हीलचेअरवर बसल्या बसल्या तपासणी होते. अंग चाचपतात, खुर्चीवर पट्टी फिरवतात. वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच. विमान सुटेल म्हणून घाई करत असाल, तर घरून अर्धा तास लवकर निघा.