अडीचाची दीडपट



आम्ही शाळामास्तर नव्हे. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेली माणसे आहोत. मग अपूर्णांकांच्या गुणाकारावर बोलण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? तो हजेरीपत्रकाने दिला.

आमच्या एका सभासदाने सणाचे अडीच दिवस काम केले. दर दीडपट ठरला होता. मुकादमाने दोनास एकाने गुणले, अर्ध्यास अर्ध्याने गुणले आणि सव्वादोन दिवसांची मजुरी हातावर ठेविली. साध्या दरानेही अडीच दिवसांची मिळाली असती! खरा हिशेब पावणेचारांचा. गड्याने सही केली आणि दीड दिवसाचा घाम फुकट गेला.

पूर्वी पंतोजींच्या शाळेत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी घोकीत. रुपयाचे सोळा आणे होते. या पाढ्यांवाचून बाजार होत नसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हे पाढे मागे पडत गेले. ते पुन्हा घोकवावेत असे आमचे म्हणणे नाही. घोकल्याने उत्तर येई. ते तसे का, हे कळेच असे नाही.

ते हाताने कळते. माथेरानची लाल माती हीच पाटी समजा. मातीवर अडीच काठ्या लांब आणि दीड काठी रुंद असा चौकोन आखा. लांबीत दोन काठ्यांवर, रुंदीत एका काठीवर रेघ ओढा. चार खण पडतील. काठीएवढे चौरस कागद कापून, लागतील तसे दुमडून, मुलांनाच ते भरू द्या. मोठ्या खणात दोन पूर्ण कागद बसतील. लांब पट्टीत दोन अर्धे, म्हणजे एक. आखूड पट्टीत एक अर्धा. कोपऱ्यात अर्ध्याचा अर्धा; भाकरीचा चतकोर कोणते पोर ओळखीत नाही? बेरीज पावणेचार. मुकादमाने दोन्ही पट्ट्या सोडल्या होत्या, आणि दीड दिवस नेमका तेथेच होता.

गुणण्याआधी मात्र मुलांना विचारा: उत्तर अडीचाहून मोठे येईल की लहान? हा प्रश्न आमच्या गड्यास सुचता, तर त्याने सही केली नसती.

१९०७ साली नेरळहून रेल्वे वर आली, तरी या गावात मोटार नव्हती. स्टेशनापुढचे ओझे हमालांनी आणि घोडेवाल्यांनी वाहिले. त्यांच्या मुलामुलींना आईबापांच्या मजुरीचा हिशेब मांडता यावा, यासाठी शिक्षकांनी एक तास वर्गाबाहेर मातीत घालवावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.