लॅपटॉपची हार्ड डिस्क : काढताना आणि बसविताना



वडोदरा शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी उन्हाळ्यात ज्याने पाहिली असेल, त्याला ती कधी शहर बुडवू शकेल असे वाटणार नाही. परंतु ३१ जुलै २०१९ रोजी तेथे एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदीची पातळी ३५ फुटांच्या वर चढून अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा प्रसंगी घरातील कर्ता माणूस प्रथम मुलेबाळे व वृद्ध यांना माडीवर नेतो, मग धान्य, मग कागदपत्रे. पूर्वी कागदपत्रे म्हणजे ट्रंकेतील दस्तऐवज असत. आता त्यांतील पुष्कळसा भाग टेबलावरच्या लॅपटॉपात असतो : शाळेचे निकालपत्रक, सहकारी संस्थेची खतावणी, वाचनालयाची दाखलनोंद, घरच्या लग्नकार्याची छायाचित्रे. लॅपटॉप भिजला किंवा जुना झाला तर दुसरा विकत घेता येतो. त्यातील नोंदी मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. या नोंदी ज्या वस्तूवर साठविलेल्या असतात ती हार्ड डिस्क सुखरूप कशी काढावी आणि तिच्या जागी नवी कशी बसवावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

वडोदरा, ज्याला जुना मराठी माणूस आजही बडोदे म्हणतो, ते नोंदी व ग्रंथ जतन करण्याच्या बाबतीत पूर्वीपासून दक्ष आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणविले. मांडवीजवळील मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मांडण्या पोलादाच्या आणि त्यांमधील जमीन जाड काचेची आहे. ग्रंथ कशावर ठेवावा, याचाही विचार त्या काळी इतक्या बारकाईने झाला होता. योगायोग असा, की लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधील चकत्याही बहुधा काचेच्याच असतात.

ही चकती चालते कशी, हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढील सर्व दक्षतांचे कारण आपोआप उमगते. तळहातावर मावेल अशा अडीच इंची पेटीत, चुंबकीय लेप दिलेली चकती मिनिटास साधारणतः ५,४०० फेरे घेते. तिच्यावरून एक सूक्ष्म शीर्ष तरंगत जाते आणि लिहिण्यावाचण्याचे काम करते. चकती व शीर्ष यांतील अंतर इतके अल्प असते, की माणसाच्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरावी. चकती फिरत असताना धक्का बसला तर शीर्ष तिच्यावर घासते, आणि जेथे घासते तेथील नोंद कायमची जाते. म्हणूनच चालू लॅपटॉप उचलून या खोलीतून त्या खोलीत नेण्याची सवय वाईट होय. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशा प्रकारचे पहिले यंत्र बाहेर आणले, तेव्हा त्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सर्व मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या ५०० जीबीच्या साध्या डिस्कवर त्याच्या लाखपट मजकूर मावतो. एका पडण्याने होणारे नुकसानही त्याच मानाने वाढले आहे. अलीकडे मिळणाऱ्या एसएसडीमध्ये फिरता भाग मुळीच नसतो. त्यामुळे ती धक्क्यास अधिक टिकते आणि वेगही अधिक देते. जुनी डिस्क काढून एसएसडी बसविण्याकडे जो कल दिसतो तो योग्यच आहे.

आता मुख्य मुद्दा. पेचकस हाती घेण्यापूर्वी सर्व नोंदींची दुसरी प्रत झालेली असली पाहिजे. ही प्रत बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर घ्यावी, आणि तिच्यातील चारदोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. प्रत घेतली असे समजणे आणि ती घेतलेली असणे यांत फार अंतर असते. मराठीत काम करणाऱ्या कचेऱ्यांना व शाळांना येथे एक विशेष अडचण येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा पुष्कळ मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा निरनिराळ्या फाँटांत टंकलेला आहे. केवळ फाइली नव्या डिस्कवर नेल्या आणि तो फाँट मागे राहिला, तर उघडताच पानभर निरर्थक चिन्हे दिसतात आणि ‘फाइल बिघडली’ असा समज होऊन ती टाकून दिली जाते. फाइल बिघडलेली नसते. तिची लिपी हरवलेली असते. तेव्हा फाँटांचीही प्रत घ्यावी. तसेच विंडोजच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ अंकी किल्ली आधीच कागदावर उतरवून घ्यावी, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.

नवी डिस्क घेताना जुन्या डिस्कची जात पाहावी. अडीच इंची डिस्कची जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर असते. जाड डिस्क अरुंद खणात जात नाही. पातळ लॅपटॉपांत च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-२ जातीची एसएसडी असते. तिच्यातही दोन प्रकार असून दिसण्यात सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरा चालतोच असे नाही. काही यंत्रांत तर ती मुख्य पाटीवर डाख देऊनच बसविलेली असते, तेथे बदलाचा प्रश्नच उद्भवत नाही. दुकानदाराने १ टीबी म्हणून दिलेली डिस्क संगणक ९३१ जीबी दाखवितो. यात दुकानदाराची लबाडी नाही : कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या.

काम उजेडात, कोरड्या लाकडी टेबलावर करावे. लॅपटॉप झाकण मिटून निजविलेला नको, पूर्ण बंद केलेला हवा. चार्जरची वायर काढावी, बॅटरी बाहेरून निघत असल्यास ती काढावी, आणि चालू करण्याचे बटन दहापंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. बॅटरी आत असेल तर झाकण उघडताच प्रथम तिचाच जोड सोडवावा. हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत लोकरीचे वा नायलॉनचे कपडे अंगावर असता केसांशी चटचट होते. ती स्थिर वीज माणसास जाणवेल न जाणवेल, पण डिस्कच्या पाटीवरील सूक्ष्म भाग जाळू शकते. मधून मधून एखाद्या उघड्या, जमिनीशी जोडलेल्या धातूस हात लावावा.

स्क्रूंच्या बाबतीत सर्वांत अधिक चुका होतात. लॅपटॉपच्या पाठीवरील सर्व स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो आतील भागात घुसतो. कागदावर लॅपटॉपच्या पाठीची आकृती काढून, जो स्क्रू जेथून निघाला तो तेथेच चिकटपट्टीने लावून ठेवावा. दहा मिनिटांच्या या कामाने तासाचा मनस्ताप वाचतो. झाकण उचकटण्यास सुरी नको, जुने प्लास्टिकचे कार्ड पुरते. डिस्क कडांनी धरून जोडापासून सरळ रेषेत मागे सरकवावी, वर ओढू नये, तिच्या झाकणावर अंगठा दाबू नये. तिला लावलेली पत्र्याची चौकट चार स्क्रू सोडून नव्या डिस्कला लावावी आणि ती त्याच मार्गाने आत सरकवावी. एम-२ जातीची पट्टी मात्र तिरपी खोवून मग हळूच खाली दाबतात आणि एका स्क्रूने पक्की करतात. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकले आहे असे समजून थांबावे.

पुरात भिजलेल्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. तो चालू होतो का हे पाहण्याचा मोह अनावर असतो, आणि त्या एका बटनाने जे पाण्याने गेले नव्हते तेही जाते. बहुतेक फिरत्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असते, आतील व बाहेरील हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. पुराचे गढूळ पाणी तेथूनच आत शिरते. डिस्क काढावी, पण ती उन्हात वा केस वाळविण्याच्या यंत्रापुढे धरू नये, कारण वाळलेला गाळ चकतीस चिकटून बसतो. ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नोंदी परत मिळविणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. डिस्क घरी उघडणे हा तर निव्वळ आत्मघात. धूलिकणरहित खोलीविना ते काम होत नाही.

राहिली जुनी, चालती डिस्क. नवी डिस्क सुरळीत चालू लागल्यावरही ती महिनाभर जपून ठेवावी. एखादी विसरलेली फाइल हमखास तिसऱ्या आठवड्यात आठवते. त्यानंतर ती भंगारात देणे धोक्याचे आहे, कारण नुसते ‘फॉरमॅट’ केल्याने मजकूर पुसला जातोच असे नाही. विद्यार्थ्यांचे पत्ते, सभासदांची बँक खाती त्यातून कोणीही काढू शकेल. संपूर्ण डिस्कवर नवा मजकूर लिहून ती पुसावी, आणि ई-कचरा नियम, २०२२ अन्वये नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडेच सोपवावी. तोपर्यंत तिच्यावर चिठ्ठी लावावी : कोणत्या यंत्रातून निघाली, कोणत्या तारखेस, आणि आत काय आहे.