छंद सरला, बंदुका उरल्या



डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या संसदेने शस्त्र कायदा दुरुस्त केला. एका परवान्यावर पूर्वी तीन शस्त्रे ठेवता येत, ती दोनवर आली. ज्याच्याकडे तिसरे होते, त्याने ते वर्षभरात पोलिसांकडे नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचे होते. आजोबांची ठासणीची बंदूक हातची गेली म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतील, पण कायदा कळला नाही असे कुणी म्हणणार नाही. दोन म्हणजे दोन.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात असा आकडा शोधायला जाल तर सापडणार नाही. घरात किती बंदुका ठेवाव्यात याला तिथे मर्यादा नाही, हे आपण ऐकून असतो. पण त्या विकायला काढल्या, तर कितव्या बंदुकीनंतर हौशी माणूस व्यापारी ठरतो, हेही कायद्यात कुठे लिहिलेले नाही. कायदा विचारतो ते एवढेच की, बाबा, तू हे कशासाठी विकतो आहेस? आणि मनातला हेतू सिद्ध करायचा म्हणजे काय कटकट असते, हे इथे बसलेल्या वकील मंडळींना मी सांगायला नको.

मुळापासून पाहू. १९६३ मध्ये केनेडींच्या खुनात वापरलेली रायफल शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवलेली होती. दुर्बीण आणि टपालखर्च धरून २१ डॉलर ४५ सेंट. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले, तेव्हा कुठे त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बंदूक नियंत्रण कायदा आला. टपालाने थेट गिऱ्हाइकाला बंदूक पाठवणे बंद झाले आणि धंदा करायचा तर केंद्राचा परवाना हवा, असे ठरले. पण धंदा कशाला म्हणायचे? अठरा वर्षे त्याची नीट व्याख्याच नव्हती. १९८६ मध्ये रेगन यांच्या काळात ती आली. उपजीविका आणि नफा हे मुख्य उद्दिष्ट ठेवून सतत खरेदीविक्री करणारा तो व्यापारी. जो अधूनमधून विकतो, किंवा आपला वैयक्तिक संग्रह पूर्ण वा थोडाथोडा मोडीत काढतो, तो व्यापारी नव्हे. आज संग्राहक ज्या सवलतीवर उभा आहे ती ही.

आता एक कल्पित गृहस्थ घेऊ. ओहायो राज्यात राहतात, वय पंचाहत्तर, चाळीस वर्षांत जमलेल्या तीसेक बंदुका, आणि मुलांना त्यात काडीचा रस नाही. (हशा.) त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जे मांडून ठेवलेले आहे, त्यातल्या प्रत्येक नगाला वेगळा कायदा लागू होतो.

पहिल्या दोन विंचेस्टर रायफली आहेत, १८९४ च्या नमुन्याच्या. दिसायला सख्ख्या बहिणी. एकीचा क्रमांक सांगतो की ती १८९८ मध्ये बनली, दुसरीचा सांगतो १८९९. १८९८ किंवा त्याआधी बनलेले हत्यार पुराणवस्तू ठरते, केंद्रीय कायद्याच्या लेखी ती बंदूकच नव्हे. दुसरी मात्र पुरेपूर बंदूक. ती इंडियानातल्या सख्ख्या भावाला भेट द्यायची म्हटले, तरी राज्याची हद्द ओलांडते म्हणून मध्ये परवानाधारक दुकानदार हवा. गंमत अशी की, तीच रायफल मृत्युपत्राने त्या भावाकडे गेली तर केंद्रीय कायद्याला दुकानदार लागत नाही.

तिसरी वस्तू वडिलांनी महायुद्धातून जर्मनीहून आणलेली, एमपी ४०. ती मशीनगन आहे. अशा शस्त्रांची नोंदणी १९३४ च्या कायद्याने सक्तीची केली. १९६८ मध्ये २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर असा महिनाभर दरवाजा उघडला होता. आणा, नोंदवा, शिक्षा नाही. त्या महिन्यात वडिलांनी कंटाळा केला असेल, तर आज ही बंदूक विकणे सोडाच, घरात असणे हाच गुन्हा आहे. आता नोंदवताही येत नाही. वकिलामार्फत सरकारच्या स्वाधीन करणे, एवढेच हाती उरते. आणि नोंदलेली असती तर? १९८६ पासून सामान्य माणसांसाठी नव्या मशीनगनची नोंदणीच बंद आहे, त्यामुळे जुन्या नोंदलेल्यांची किंमत आभाळाला भिडली आहे. एका कागदाने केवढा फरक पडतो पाहा.

बाकीच्या साध्या बंदुका. त्या ओहायोतल्याच कुणाला विकायच्या तर केंद्रीय कायदा ना फॉर्म मागतो, ना गिऱ्हाइकाची तपासणी. अट एकच, घेणारा अपात्र आहे हे ठाऊक असता कामा नये, तसा संशय यायला सबळ कारणही नको. कॅलिफोर्नियात असते तर खासगी व्यवहारही दुकानदाराच्याच टेबलावर करावा लागला असता.

इथवर सगळे ठीक. पण या सवलतीच्या आडोशाला कोण कोण उभे राहते, तेही बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्सासच्या मिडलंड-ओडेसा भागात एकाने सात जणांना गोळ्या घालून मारले. २०१४ मध्ये हाच माणूस दुकानात बंदूक घ्यायला गेला, तेव्हा तपासणीत नापास झाला होता. मग त्याने खासगी विक्रेत्याकडून रायफल घेतली. तो विक्रेता विनापरवाना धंदा करत होता, हे त्याने न्यायालयात कबूल केले आणि त्याला दोन वर्षांची कैद झाली.

जून २०२२ मध्ये, युवाल्डेच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, अमेरिकेच्या काँग्रेसने दोन्ही पक्षांच्या मतांनी व्याख्या बदलली. उपजीविकेची अट गेली, मुख्यत्वे नफा कमावण्याचा हेतू पुरेसा ठरला. हा बदल मला रास्त वाटतो, कारण दिवसा नोकरी करून शनिवार-रविवारी बंदुका विकणारा आधीच्या व्याख्येतून सहज निसटत होता. पुढे एटीएफ या केंद्रीय खात्याने त्यावर नियम केला, तो २० मे २०२४ रोजी लागू झाला. नवीकोरी, मूळ खोक्यातली बंदूक घेतल्यापासून वर्षाच्या आत पुन्हापुन्हा विकणारा व्यापारी असावा, असे त्यात गृहीत धरले. किती विकल्या तर, हा आकडा तिथेही टाळला, उलट इतर पुरावा असेल तर एकच विक्रीही पुरेल असे म्हटले. संग्रह मोडणाऱ्याला आणि वारसाने मिळालेल्या बंदुका विकणाऱ्याला स्पष्ट सूट दिली. पण स्वसंरक्षणासाठी घेतलेले शस्त्र मात्र संग्रहात मोजायला नकार दिला. इथे खाते घसरले, असे माझे मत आहे. चाळीस वर्षांपूर्वी उशाशी ठेवायला घेतलेले रिव्हॉल्व्हर आज कपाटात इतरांशेजारी पडलेले असेल, तर ते संग्रहातले की संरक्षणाचे, हे कोण ठरवणार?

टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायाधीशांनी जून २०२४ मध्ये टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी आणि युटा या राज्यांपुरती नियमाला स्थगिती दिली. एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारने तो नियमच फेरविचाराला घेतला. पण २०२२ चा कायदा काही गेला नाही, विनापरवाना धंद्याला पाच वर्षांपर्यंतची कैदही तशीच आहे. नियम सैल होणार म्हणून निर्धास्त होणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मार्च २०२४ मध्ये लिटल रॉक विमानतळाच्या कार्यकारी संचालकांच्या घरावर पहाटे एटीएफची धाड पडली, गोळीबार झाला, आणि दोन दिवसांनी ते गेले. खात्याचे म्हणणे, त्यांनी दीडशेवर बंदुका घेतल्या आणि त्यांतल्या बऱ्याच विनापरवाना विकल्या. कुटुंबाचे म्हणणे, ते हौशी संग्राहक होते. खटला उभाच राहिला नाही, त्यामुळे त्यांचा हेतू काय होता याचा न्यायालयात निकाल लागला नाही, आणि आता लागणारही नाही.

मग सरळ आकडाच का लिहीत नाहीत? पाच लिहिला तर तस्कर चार विकून थांबेल, अशी एका बाजूला धास्ती. पाच लिहिला तर उद्या तो तीन होईल, अशी दुसऱ्या बाजूला. दोघांनाही संदिग्धता सोयीची पडते, आणि तिचा भार ओहायोतल्या त्या गृहस्थांवर येतो.

त्यांनी करावे काय? तिथले जाणते लोक सांगतात, दुकानदाराकडे नाहीतर लिलावगृहाकडे कमिशनवर द्या. रक्कम थोडी कमी हाती येईल. दुकानदार प्रत्येक बंदूक आपल्या वहीत चढवतो, गिऱ्हाइकाकडून फॉर्म ४४७३ भरून घेतो, त्याची तपासणी करतो. एकदा वहीत चढलेली बंदूक विकली गेली नाही आणि परत घ्यायची वेळ आली, तर खुद्द मालकालाही तो फॉर्म भरून, तपासणीत उत्तीर्ण होऊनच आपली बंदूक घरी न्यावी लागते. (हशा.) हसू येते, पण त्या वहीचा उपयोग आहे. गुन्ह्यात बंदूक सापडली की पोलीस माग काढतात तो कारखान्यापासून पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत. पुढे ती हातोहात विकली गेली असेल, तर माग त्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या दारात येऊन थांबतो. दुकान बंद पडले तर हे फॉर्म वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला जातात. तिथे त्यांच्या प्रतिमा साठवतात, पण मालकाच्या नावाने शोधता येईल अशी यादी करायला कायद्याने बंदी आहे.

आणि एक. १९३४ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफलीच्या हस्तांतरणावर २०० डॉलर कर होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. अर्ज आणि नोंदणी कायम आहे. मशीनगनवर २०० डॉलर आजही द्यावे लागतात. वारसाच्या नावे करताना मात्र फॉर्म ५ भरला की कोणताच कर लागत नाही. तेव्हा त्या गृहस्थांनी नोंदणीचे कागद कुठे ठेवलेत, तेवढे बायकोला आजच सांगून ठेवावे.