राहण्याजोगा प्रदेश : पण कोणासाठी?

(देवळाली कॅम्प येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देशाच्या कोणत्या भागात राहणे चांगले, हा प्रश्न देवळाली कॅम्पमध्ये जितक्या वेळा विचारला जातो तितका तो दुसऱ्या गावात क्वचितच विचारला जात असेल. याचे कारण या गावाच्या घडणीतच आहे. येथे तोफखान्याची प्रशिक्षण संस्था असल्याने पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतचा जवान येथे येऊन राहतो आणि बदली झाली की निघून जातो. मुंबईचा दमट उकाडा सोसेनासा झाला की हवापालटासाठी देवळालीस यायचे, हा पारशी, गुजराती, कच्छी कुटुंबांचा शिरस्ता पिढ्यानपिढ्यांचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी मुंबई प्रांतात ज्या छावण्या उघडल्या गेल्या त्यांत कल्याणप्रमाणे देवळालीही होती. येथील बाजारात उभ्या असलेल्या दहा माणसांना त्यांचे मूळ गाव विचारले तर दहा प्रांतांची नावे ऐकू यावीत, अशी ही वस्ती आहे. म्हणूनच प्रदेशाप्रदेशांची तुलना कशी करावी आणि कशी करू नये, हे समजून घेण्यास देवळालीइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही.

प्रारंभ देवळालीच्याच एका विचित्र कीर्तीपासून करणे योग्य होईल. इंग्रजी भाषेत वेड लागलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात आणि हा शब्द देवळालीच्या नावावरून आलेला आहे. ब्रिटिश सैन्यातील ज्या शिपायांची मुदत संपली त्यांना मायदेशी नेणारी जहाजे केवळ थंडीच्या महिन्यांत सुटत. जहाज मिळेपर्यंत शिपायांना देवळालीच्या छावणीत महिनोनमहिने बसवून ठेवले जाई. हाताला काम नाही, जाण्याची तारीख ठाऊक नाही, अशा स्थितीत कित्येकांचे चित्त ठिकाणावर राहत नसे. ज्या हवेत मुंबईचा धनिक बरा होत असे त्याच हवेत इंग्लंडचा गरीब शिपाई वेडा होत असे! पाणी तेच, झाडे तीच, हवाही तीच. फरक इतकाच की एक जण आपल्या इच्छेने आला होता आणि मनात येईल तेव्हा जाऊ शकत होता. दुसऱ्याला आणून ठेवले होते. प्रदेश चांगला की वाईट, हे हवापाण्याइतकेच तेथे राहणाऱ्याच्या हाती काय आहे यावर ठरते. याकडे दुर्लक्ष करून केलेल्या तुलना बहुधा फसव्या ठरतात.

अशा तुलनांचा हल्ली सुकाळ झाला आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १११ शहरांची एक क्रमवारी जाहीर केली. नागरिकांचे जीवन कोठे सुकर आहे, हे ७८ निकष लावून ठरविण्यात आले. पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली आणि महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांना धन्य वाटले. त्या यादीत बंगळूर ५८ वे होते. मार्च २०२१ मध्ये पुढची क्रमवारी आली तेव्हा दहा लाखांवरील वस्तीच्या शहरांत तेच बंगळूर पहिले होते! तीन वर्षेही झाली नव्हती. एवढ्या अवधीत बंगळूरच्या रस्त्यांत, नळांत वा घरभाड्यांत अशी कोणती क्रांती झाली होती? शहर होते तसेच होते. गट वेगळे पाडले गेले होते आणि मोजण्याची रीत बदलली होती, नागरिकांच्या मतांना ३० टक्के वजन देण्यात आले होते. मत विचारणे गैर नाही. परंतु गटाराच्या कडेला ताडपत्रीखाली राहणाऱ्याचे मत आणि सदनिकेच्या मालकाचे मत एकाच सरासरीत विरघळले की जे उरते ते कोणाचेच मत नसते.

राज्यांची तुलना शहरांच्या तुलनेहून अधिक गंभीर आहे. कारण तेथे माणसाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न येतो. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार, जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी केरळात ६ बालके वर्षाच्या आत दगावत होती, महाराष्ट्रात १६ आणि मध्य प्रदेशात ४३. मध्य प्रदेशातील माता केरळच्या मातेहून कमी माया करते काय? नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्याच्या मोजणीत २०१५-१६ साली बिहारची ५१.९१ टक्के जनता दरिद्री ठरली, तर केरळची ०.७१ टक्के. २०१९-२१ मध्ये बिहारचे प्रमाण ३३.७६ टक्क्यांपर्यंत उतरले. ही सुधारणा लहान नाही, तथापि दोन राज्यांतील अंतर अजूनही भयावह आहे.

हे अंतर दैवाने पडलेले नाही. केरळ हा काही श्रीमंत प्रांत नव्हता. त्रिवेंद्रमच्या विकास अध्ययन केंद्राने १९७५ मध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. केरळचे दरडोई उत्पन्न त्या काळी देशाच्या सरासरीहून कमी होते. तरीही साक्षरता, आयुर्मान आणि बालकांचे जगणे यांत ते राज्य इतरांच्या पुढे होते. त्रावणकोर संस्थानाने शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा हे १८१७ मध्येच घोषित केले होते. पुढे जातिविरोधी चळवळी झाल्या, कुळांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि १ जानेवारी १९७० पासून जमीनदारी व्यवहारात संपली. बिहारच्या माथी मात्र १७९३ चा कायमधारा बसला. जमीनदार सारा गोळा करीत राहिला, शाळा आणि दवाखाना ही कोणाचीच जबाबदारी राहिली नाही.

स्वातंत्र्यानंतर त्यात एका धोरणाची भर पडली, त्याची चर्चा महाराष्ट्रात फारशी होत नाही आणि न होण्याचे कारणही उघड आहे. १९५० च्या दशकात केंद्र सरकारने पोलाद, कोळसा यांसारख्या मालाच्या वाहतूक-भाड्याचे समानीकरण केले. जमशेदपूरचे पोलाद जमशेदपुरात ज्या भावाने मिळे त्याच भावाने ते मुंबईत आणि नाशिकच्या सातपूर-अंबडमध्येही मिळू लागले. खाणीशेजारी असण्याचा जो एकमेव फायदा त्या वेळच्या बिहारला होता तो असा काढून घेण्यात आला. कापसाला हा नियम लागू नव्हता. तो बिहारच्या गिरणीला पूर्ण भाडे भरूनच घ्यावा लागे. हे धोरण १९९० च्या दशकाच्या प्रारंभी रद्द झाले, तोवर कारखाने बंदरांच्या आणि बाजारपेठांच्या आश्रयाने पश्चिमेत रुजून गेले होते. लोखंड तिकडचे, कारखाने इकडचे. पुढे त्या कारखान्यांच्या मागोमाग माणसेही इकडे आली. 'हे लोक येथे का येतात?' असे विचारणाऱ्यांनी त्यांचे पोलाद आधी येथे कसे आले हेही एकदा विचारावे.

केरळचे गोडवे गातानाही हात थोडा आखडता घेतला पाहिजे. चांगल्या शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणाला तेथे पुरेसे काम मिळाले नाही. तो आखाती देशांत गेला आणि त्याच्या मनिऑर्डरीवर घरे उभी राहिली. त्याची रिकामी जागा बंगाल, आसाम, ओडिशाच्या मजुरांनी भरली. फरक इतकाच की केरळ सरकार त्यांना 'अतिथी कामगार' म्हणते आणि २०१७ पासून त्यांच्यासाठी विम्याची योजनाही आहे. केवळ नाव बदलल्याने मजुरी वाढत नाही, हे खरे. परंतु ज्या राज्यात परप्रांतीयाला मारहाण करणे हा राजकारणाचा मार्ग होऊन बसला त्या राज्याने या नावाला हसू नये.

प्रांतांची सरासरी ही तरी विश्वासार्ह आहे काय? महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१ आणि नंदुरबारचा ०.६०४ होता. एकाच राज्यात दोन देश! प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याच्या विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के होता. समितीने जिल्हा हे एकक धरले होते. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदतही संपली. दरम्यान, डॉ. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुक्यापर्यंत उतरून पाहण्याचा आग्रह धरला. तो आग्रह किती रास्त होता हे पाहण्यास नाशिक जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

उर्वरित महाराष्ट्रातील पुढारलेला जिल्हा म्हणून नाशिकचे नाव घेतले जाते. पालखेडच्या कालव्यांनी भिजणारा निफाड तालुका, त्याची द्राक्षे, लासलगावचा कांद्याचा बाजार, नाशिकरोडची नोटांची आणि प्रतिभूतींची छापखाने, ओझरचा विमान कारखाना यांची बेरीज केली की जिल्हा संपन्न दिसतो. याच जिल्ह्यात सुरगाणा आणि पेठ हे तालुके आहेत. पावसाळ्यात तेथे जिल्ह्यातील सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या भागांतला पाऊस कोसळतो. नार आणि पार या नद्या ते पाणी पश्चिमेला घेऊन जातात आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यांतील बाई हंडा घेऊन मैलोगणती चालते. दिवाळी उलटली की कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात मोठा भरणा याच आदिवासींचा होता. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही त्यांची मुख्य मागणी होती.

२०२२ च्या अखेरीस तर सुरगाण्याच्या सीमेवरील काही गावांनी 'आम्हांला गुजरातमध्ये घाला' अशी मागणी केली. त्याच सुमारास पाण्यासाठी जत तालुक्यातील गावे कर्नाटकाचे नाव घेत होती. यावर मुंबईत अस्मितेचा मोठा कल्लोळ झाला. वस्तुतः त्या गावकऱ्यांनी प्रादेशिक तुलनेचा या विषयातील सर्वांत प्रामाणिक नमुना सादर केला होता. त्यांनी निर्देशांक काढला नाही. सीमेपलीकडचा रस्ता, तेथील दवाखाना आणि तेथील वीज डोळ्यांनी पाहिली आणि आपल्या गावाशी ताडून पाहिली. त्यांना गुजरातचे प्रेम नव्हते, त्यांना डॉक्टर हवा होता. ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ जणांनी प्राण दिले त्यात राहणे नको वाटावे, अशी पाळी त्या गावांवर कोणी आणली हा खरा प्रश्न होता आणि तो टाळला गेला.

तुलना करून माणूस खरोखर निवड करू शकतो काय, हेही तपासले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित होते. त्यांत दोन-तृतीयांशाहून अधिक स्त्रिया आणि त्यांच्या स्थलांतराचे प्रमुख कारण विवाह. म्हणजे राहण्याचा प्रदेश बदलणाऱ्यांतील सर्वांत मोठ्या वर्गाला त्या प्रदेशाबद्दल कोणी विचारलेलेच नसते. कोणत्या राज्यात राहणे चांगले यावर दिवाणखान्यात ज्या चर्चा झडतात त्यांत हा मुद्दा निघाल्याचे सहसा ऐकिवात नाही.

मजुराची निवड कोणत्या प्रकारची असते हे २०२० साली याच परिसराने पाहिले. २४ मार्चच्या टाळेबंदीनंतर मुंबई-आग्रा महामार्गावरून, कसारा घाट चढून, डोक्यावर बोचके घेतलेल्या माणसांची रांग नाशिककडे आली. त्यांतील अनेकांना नाशिकमध्येच अडवून निवारा केंद्रांत ठेवण्यात आले. हाताला काम नाही, जाण्याची तारीख ठाऊक नाही. देवळालीला ही स्थिती अपरिचित नव्हती. अखेर १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनी, राज्यातील पहिली श्रमिक गाडी नाशिकरोडहून सुमारे साडेतीनशे मजुरांना घेऊन भोपाळकडे निघाली. ज्या प्रदेशात मजुरी जास्त आहे तो सोडून ही माणसे मजुरी कमी असलेल्या प्रदेशाकडे निघाली होती. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातील मजूर असे करीत नाही! परंतु येथे त्यांच्याकडे मजुरी बंद पडताच काहीही उरले नव्हते. शिधापत्रिका गावाकडे, मतदार यादीतील नाव गावाकडे, उधार देणारा दुकानदारही गावाकडेच.

त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, देशातील पहिली किसान रेल्वे देवळाली स्थानकातून बिहारमधील दानापूरला निघाली. नाशिकचा शेतमाल दीड हजार किलोमीटर दूर वेळेवर पोहोचावा म्हणून ही व्यवस्था होती आणि ती चांगलीच होती. पुढे भाड्यात निम्मी सवलतही मिळाली. शेतकऱ्याला मिळालेल्या सवलतीबद्दल कोणी कुरकुर करू नये. मात्र भाजीसाठी जी तत्परता दाखविता येते ती ती भाजी खुडणाऱ्या माणसासाठी मे महिन्यात का दाखविता आली नाही, याचा जाब राज्यकर्त्यांना विचारलाच पाहिजे.

शिधापत्रिका देशात कोठेही चालावी ही व्यवस्था २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली, ही त्या वर्षाच्या यातनांची एक फलश्रुती म्हणता येईल. मताचे तसे झाले नाही. परगावी असलेल्या मतदाराला तेथूनच मत देता यावे यासाठी निवडणूक आयोगाने एक यंत्र तयार करून जानेवारी २०२३ मध्ये पक्षांसमोर मांडले. अनेक पक्षांनी शंका घेतल्या आणि ते प्रत्यक्षात उतरले नाही. ज्याचे मत येथे नाही त्याच्या वस्तीला नळ कोण देणार?

या बाबतीत देवळालीच्या कायम रहिवाशांनीही स्वतःला फार वेगळे समजण्याचे कारण नाही. २००६ च्या कायद्यानुसार कॅन्टोन्मेंट बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो आणि लोकनियुक्त सदस्यांचे स्थान निम्मे. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातील ५७ बोर्डांच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि महिन्याभरात रद्दही करण्यात आल्या. शेजारच्या नाशिक महापालिकेत मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसला होता. ज्या गावी हवा खाण्यासाठी श्रीमंत येतात त्या गावच्या नागरिकाला आपल्या गटाराबद्दल विचारण्यासाठी निवडून दिलेला माणूस नसावा, ही गोष्ट कोणत्याच निर्देशांकात नोंदली जात नाही. ती नोंदविण्याचे काम येथील कामगार संघटनांना, पेन्शनरांच्या मंडळांना आणि तरुणांना करता येईल. सुरगाण्याच्या किती मुलांची शाळा द्राक्षांच्या हंगामात सुटते, लॅम रोडवरच्या बांधकामांवर किती मजूर कोणत्या राज्यातून आले आहेत, त्यांतील किती जणांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंद आहे आणि किती जणांना येथील दुकानात धान्य मिळते, हे चार प्रश्न घेऊन एका महिन्यात घरोघर फिरणे मुळीच अवघड नाही.